बिट्टोचं बोरन्हाण

जगबीरनं बायकोचे, फूलवतीचे, केस मुठीत धरून तिचं कपाळ हातपंपाच्या दांड्यावर आपटलं, तेव्हा माझा मुलगा अंशू माझ्या कडेवर होता. मी आधी त्याचे डोळे झाकले, ओरडले नंतर. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दांडा खाली गेला, तोटीतून धार आली आणि तिच्या कपाळाचं रक्त त्या पाण्याबरोबर चिखलात वाहत गेलं. पंपापाशी बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. कुणी पुढे झालं नाही.

"छोड़ो उसे! पुलिस को बुलाऊँगी मैं!"

जगबीर थांबला. केस सोडले नाहीत, नुसती मान वळवली. "किया-कराया आपका ही है, मैडम. अब पुलिस भी बुला लो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच सकाळी मी त्याच्या मुलीच्या, बिट्टोच्या, दंडाला पट्टी लावली होती आणि पट्टी पिवळी आली होती.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतून निघून पुश्ता, म्हणजे नदीचा बांध, ओलांडला की खाली यमुनेचा खादर, पुराच्या पाण्याची सखल जमीन. वरून मेट्रो जाते, खाली भाजीची शेतं, रोपवाटिका आणि त्यांच्या कडेनं प्लास्टिक-पत्र्याच्या झुग्ग्या. तिथं आमच्या संस्थेचं पाळणाघर आहे, ते मी चालवते. पैसा बाहेरच्या देशांतून येतो. दोन हजार तीसपर्यंत भूक संपवायची असं सगळ्या जगानं मिळून ठरवलंय. त्या जगातला हा एवढा तुकडा आमच्या वाट्याला आलाय. मुलाच्या डाव्या दंडाभोवती एक पट्टी गुंडाळायची. दंड भरलेला असेल तर हिरवा रंग येतो, बारीक असेल तर पिवळा, आणि अगदीच काडी असेल तर लाल. ज्या घरात लाल मूल, त्या घराला दर महिन्याला पोतं. आटा, डाळ, तेल, चणे, गूळ. मूल एकटं जेवत नाही, घर जेवलं तर मूल जेवेल, असा त्यामागचा विचार. लागोपाठ दोन वेळा मूल लालच्या बाहेर आलं की पोतं बंद.

आणि मुलं सुधारली होती, हे मला सांगायलाच हवं. मी रुजू झाले तेव्हा पट्टी लावली की बहुतेक लालच यायची. आता लाल म्हणून एकटी बिट्टो उरली होती.

अडीच वर्षांची पोर. पाळणाघरात दोन वेळा जेवायची, अंडं खायची, माझ्या डोळ्यांदेखत. तरी रविवारची सुट्टी होऊन सोमवारी आली की गालफडं बसलेली. मला अशा गोष्टी दिसतात. साकेत, माझा नवरा, म्हणतो की मला दिसतात त्यातल्या निम्म्या नसतातच. अंशूला मी रोज सोबत नेते तेही त्याला पटत नाही. पण डे-केअरमध्ये सोडून दिवसभर कॅमेऱ्याला डोळे लावून बसण्यापेक्षा तो माझ्यासमोर चिखलात खेळलेला मला चालतो. तर बिट्टोचे सोमवार मला दिसले, आणि मी रविवारीही खादरात जायला लागले. अंशूसाठी केलेलं नाचणीचं सत्त्व डब्यात घालून न्यायचे, बिट्टोला मांडीवर घ्यायचे आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायचे नाही. महिनाभरात पट्टी पिवळी झाली.

फूलवतीला टाके घालायला ई-रिक्षानं दवाखान्यात नेलं. ओढणीचा बोळा कपाळावर दाबून ती बसली होती. पुश्त्यावर धुकं इतकं होतं की समोरचा ट्रकही दिव्यांवरूनच कळत होता.

"दीदी, इतवार को मत आया करो," ती म्हणाली.

"क्यों?"

"घर में पाँच और हैं."

मला समजायला वेळ लागला. "तुम उसे भूखा रखती हो? अपनी बच्ची को?"

"रखती नहीं हूँ." ती माझ्याकडे न बघता बोलली. "शाम को सो जाती है. मैं जगाती नहीं." मग बोळा पालटून दाबत, "ये लाल है तो पाँच हरे हैं, दीदी. आप तो पढ़ी-लिखी हो, हिसाब लगा लो."

अंशू माझ्या मांडीवर बिस्किट चघळत होता. मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

त्या संध्याकाळी मी सुधन्वाला फोन केला. सुधन्वा पुण्याचा, आमचा प्रकल्पप्रमुख. माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं पडद्यावर आलेखात दिसतं.

"अगं, पिवळी म्हणजे तर गुड न्यूज आहे यार!"

"तिच्या आईचं डोकं फुटलंय सुधन्वा. पोतं बंद होणार म्हणून. आणि ते पोरीला मुद्दाम लाल ठेवतायत."

तो हसला, थकल्यासारखा. "तू इकॉनॉमिक्स केलंस ना? लाल असण्याचे पैसे दिले की लोक लाल राहणार. हे मी पहिल्या वर्षी लिहून कळवलंय. नियम इथे ठरत नाही बाई."

"मग बदलून घे."

"महिनाअखेरीला पाहुणे येतायत. त्यांना या वस्तीत शून्य लाल बघायचंय. शून्य दिसलं तर पुढच्या पाच वस्त्यांचा पैसा येतो. नाही दिसलं तर हेही पाळणाघर जातं. आता तूच सांग, नियमावर भांडू की शून्य दाखवू? तू तिला पिवळी ठेव. बाकी मी बघतो."

पिवळी ठेव. जशी काही ती गॅसवरची आमटी होती.

मी रात्रभर... नाही, झोपले मी, पण सकाळी उठले तेव्हा एक गोष्ट ठरलेली होती. संक्रांत होऊन गेली होती आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुमुदिनी, रोज टोचत होत्या. "रथसप्तमीच्या आत अंशूचं बोरन्हाण उरकून टाकू हं. बिल्कुल टाळाटाळ नको. हलव्याचे दागिने पुण्याहून मागवलेत मी, मुंग्या लागतील." आईंनी पहाडगंजच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं, दिल्लीत चाळीस वर्षं काढूनही त्यांच्या घरात एकही सण चुकलेला नाही.

मी म्हटलं, बोरन्हाण खादरात करू. आणि अंशूचं नको, बिट्टोचं करू.

"अगं पण ते आपल्या पोराचं करायचं असतं!"

"पाच वर्षांच्या आतल्या कुठल्याही पोराचं करतात ना? मग तिचं कधी कुणी करणार?"

माझ्या मनात एक सरळ हिशेब होता. ज्या पोरीला सगळ्या वस्तीनं मधोमध बसवून कौतुकानं पाहिलं, दागिने घातलेलं पाहिलं, तिला न जेवता झोपू देताना आई-बापाला थोडं तरी जड जाईल. मला तो हिशेब इतका पटला होता की मी त्याच उत्साहात काळा फ्रॉक शिवून आणला.

पाळणाघरात चटई घातली. पाटावर बिट्टो. काळा फ्रॉक, गळ्यात पांढऱ्या हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, डोक्यावर मुकुट. पोर इतकी गोड दिसत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईंनी ओवाळलं. मग पातेल्यातून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या, छोलियाचे, म्हणजे हरभऱ्याचे, हिरवे घाटे ओंजळीनं तिच्या डोक्यावरून ओतायला सुरुवात केली. "लुटा रे, लुटा! लूटो बच्चों!" पोरं तुटून पडली. ढकलाढकली, चिमटे, एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या तोंडात. शेजारच्या झुग्गीतल्या बिरमाचा मुलगा गोलू चटईवर पालथा पडून पोटाखाली बोरं गोळा करत होता. बिट्टो मान खाली घालून हारातला हलवा चाटत होती.

मागे उभ्या बायका मात्र हसत नव्हत्या. मला वाटलं लाजतायत.

"माताजी," बिरमा म्हणाली, "बच्ची को काला काहे पहनाया?"

"हमारे यहाँ ऐसाच होता है," आई खुशीत होत्या. "इससे सब बीमारी निकल जाती है. साल भर बच्चा ठणठणीत!"

"निकल के जाती कहाँ है?"

"अरे, जहाँ जाना हो जाए!" आई हसल्या आणि शेवटची ओंजळ ओतली.

तेवढ्यात अंशूनं चटईवरचं एक बोर उचलून तोंडात घातलं. त्या चटईवर सकाळीच एक मूल ओकलं होतं. आम्ही पुसली होती, पण मी विसरले नव्हते. मी झेप घेतली, त्याच्या तोंडात बोट घालून बोर काढलं, दाराबाहेर फेकलं आणि पर्समधली बाटली काढून त्याचे दोन्ही हात सॅनिटायझरनं पुसले. मान वर केली तर सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे आणि त्या बाहेर पडलेल्या बोराकडे.

मी हसून म्हटलं, "इसको खाँसी है."



दोन दिवसांनी खादरातल्या पोरांना जुलाब लागले. त्या आठवड्यात पंपाचं पाणी पिवळट येत होतं, मी स्वतः फोटो काढून पाठवले होते. पण पाणी रोजचंच होतं. नवीन होतं ते बोरन्हाण. गोलूला सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. त्याला न्यायच्या आधी मी त्याच्या दंडाला पट्टी लावली होती, आणि ती लाल आली होती. बिट्टो त्याच दिवशी पुन्हा पिवळी. तिच्या पोटाला काही झालं नाही. तिनं फक्त हलवा चाटला होता.

पट्टी वाचून मी मोठ्यानं रंग सांगते, आयांना कळावं म्हणून. त्या दिवशीही सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुश्त्यावरून उतरले तेव्हा पाळणाघरासमोर गर्दी होती. मला वाटलं पोरं आणायला आलेत. मी अंशूला कडेवर घेऊन पुढे गेले आणि पहिला दगड पत्र्यावर बसला.

"आ गई!"

कुणीतरी मागून माझी वेणी ओढली. मी गुडघ्यांवर आले. अंशूचं डोकं छातीशी दाबलं, दुसरा हात टेकला तो काचेवर. तळहातातून रक्त यायला लागलं. वर बघितलं तर बिरमा. केस सुटलेले, डोळे लाल. ती रात्रभर दवाखान्यात होती.

"मेरे लड़के पे डाल दी! इसकी उतार के मेरे पे डाल दी!"

"क्या डाल दी, बिरमा? पानी गंदा है, मैंने कहा था उबाल के..."

"अपने को तो नहीं खाने दिया! मुँह से निकाल के फेंका! सबने देखा!"

सगळ्यांनी पाहिलं होतं. मी एमएला पहिल्या वर्गात आलेली बाई, मला कुठे कुठे काय काय समजावून सांगता येतं, आणि त्या एका बोराचं काही सांगता येईना.

जगबीर गर्दीतून पुढे आला. त्याच्या काखेत बिट्टो होती, लोंबत, काळा फ्रॉक अजून अंगावर. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात चटईखाली राहिलेली बोरं, चुरमुरे, चिखल.

"दोबारा पीली कर दी, मैडम. अब पोटली बंद. गोलू लाल. सारा खेल आपका है." त्यानं पिशवी माझ्यापुढे टाकली. "वापस लो. अपने लड़के को बिठाओ, उस पे डालो, उसको खिलाओ. सबके सामने. फिर जाओ घर."

"खिला!" बिरमा किंचाळली. "एक बेर खिला दे!"

मी आजही विचार करते तेव्हा मला ते सोपं वाटतं. एक बोर. नुसतं ओठांना लावायचं. मी या गोष्टी मानत नाही. मग मला काय फरक पडत होता? पण गोलू सलाइनवर होता आणि त्या पिशवीतून आंबट वास येत होता. मी अंशूचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं आणि म्हटलं, "नहीं."

"देखा!" कुणीतरी ओरडलं. "देखा! जानती है!"

मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. एक विटेचा तुकडा माझ्या कानामागे लागला आणि आवाज एकदम दूर गेले. कुणीतरी अंशूचा पाय धरून ओढत होतं. मी त्या हाताला चावले. एक पुरुष पाळणाघराचा पत्रा लाथांनी आत मारत होता, एकसारखा, जणू ते त्याचं कामच होतं. अंड्यांचे ट्रे बाहेर येऊन फुटले. वजनकाटा उडाला. कोणीतरी बातमी आणली की गोलू गेला. गोलू गेला नव्हता, तो त्या वेळी दवाखान्यात बिस्किट मागत होता, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. पण ती बातमी आली आणि गर्दीचा एकच आवाज झाला, माणसाचा नसल्यासारखा. अंशूचा बूट कुणाच्या तरी हातात गेला. त्याची किंकाळी माझ्या कानाच्या आत होती.

"मैंने किया है!"

फूलवती. कपाळावर अजून पट्टी होती. ती पाळणाघराच्या पायरीवर चढली होती.

"इसमें टोटका नहीं है कोई. मैं करती हूँ. शाम को खाना नहीं देती इसको. दो साल से नहीं देती. पोटली के लिए. दीदी खिलाती थी इसलिए पीली हुई. बस. मारना है तो मुझे मारो."

क्षणभर सगळे थांबले. मला वाटलं, झालं, सत्य कळलं. मला खरंच असं वाटलं.

बिरमाच आधी हलली. "दो साल?" ती हळू म्हणाली. "मेरे गोलू की पोटली बंद हुई थी तब तेरी चालू थी. मैंने तुझसे एक कटोरी आटा माँगा था. तूने कहा, खतम है."

मग ती फूलवतीवर पडली. आणि तिच्यामागून बाकीच्या. ज्यांची ज्यांची पोरं हिरवी होऊन पोती बंद झाली होती त्या सगळ्या. माझ्यावर हात टाकताना त्यांच्यात जरा तरी दबकणं होतं, कुठेतरी मी मॅडम होते. तिच्यावर टाकताना काही नव्हतं. बादलीच्या कडीनं तिच्या तोंडावर मारलं. पडल्यावर लाथा. जगबीर बायकांना बाजूला करत आत घुसला, मला वाटलं सोडवायला. त्यानं बिट्टोला खाली टाकलं आणि फूलवतीच्या बरगड्यांत लाथ घातली. "सबके सामने बोलती है! सबके सामने!"

त्या पायांच्या गर्दीतून फूलवतीचा एक हात बाहेर आला. त्या हातानं बिट्टोला माझ्याकडे ढकललं. तिचं तोंड मला दिसलं नाही. "ले जा," एवढं ऐकू आलं.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी पळाले. एका कडेवर अंशू, दुसऱ्या काखेत बिट्टो, पायांत एकच चप्पल. पुश्त्याचा चढ मी कसा चढले ते माहीत नाही. वर पोचून शंभर नंबर फिरवला तेव्हा बोटं रक्तानं निसरडी झाली होती आणि फोन तीनदा हातातून सुटला.

पोलीस आले, जगबीरला नेलं, दोन दिवसांत सोडलं. फूलवती दवाखान्यात, दोन बरगड्या आणि जबडा. ठाण्यातल्या बाई म्हणाल्या, माँ को होश आने तक बच्ची आप ही रख लीजिए, लिखकर देती हूँ.

"कृतिका, यार, हे आपलं काम नाही," साकेत म्हणाला. माझ्या कानामागे टाके होते म्हणून हळू म्हणाला. "तू आता तिथे परत जाणार नाहीयेस. आणि अंशू झोपेत ओरडतोय, ऐकतेस ना?"

ऐकत होते. दोघांनाही ऐकत होते. बिट्टो बाहेर अंधारलं की जिथे असेल तिथे मिटून जायची, सोफ्यावर, फरशीवर. मी तिला उठवायचे. ती रडायची, अंग ताठ करायची. झोपेतून तिला आजवर कुणी उठवलं नव्हतं. मी हनुवटी धरून वरणभात भरवायचे. एकदा आईंनी माझा हात धरला. "अगं, दुखतंय तिला. सोड ना."

"खाल्लंच पाहिजे तिनं."

"खाईल ती. पण तू असं तोंड का करतेस?"

सुधन्वाचा फोन आला. पाहुण्यांची भेट पुढे ढकलली होती; गोलू सुधारत होता. "बिट्टो तुझ्याकडेच ना? हिरवी होईल बघ. एक फोटो काढून ठेव यार." मी फोन कट केला. पण त्याच दुपारी मी तिच्या दंडाला पट्टी लावली. हिरवी नव्हती अजून. अगदी कडेला होती. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून गिरकी घेतली, आणि ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

फूलवती आली तेव्हा मी एकटी नव्हते, आई होत्या, अंशू होता. दार उघडलं तर जिन्यात ती. जबडा बांधलेला, एक डोळा अजून काळा, हात बरगड्यांवर दाबलेला. खाली रखवालदारानं तिला सोडलं कसं हेच मला आधी सुचलं.

"लेने आई हूँ," दातांतून म्हणाली.

"बैठो. पानी..."

"बस छूट जाएगी. बाकी पाँचों आनंद विहार में बैठे हैं, मेरे भाई के साथ. गाँव जा रही हूँ."

"जगबीर?"

"उसको नहीं बताया."

"वहाँ खाओगी क्या?"

"जो सब खाएँगे."

बिट्टो आतून पळत आली होती आणि माझ्या पायाला धरून उभी होती. फूलवतीनं तिच्याकडे पाहिलं. भरलेले गाल, अंशूचा स्वेटर. दोन बोटांत तिचा दंड धरून दाबला, जसा मी पट्टी लावण्याआधी धरते तसा, आणि हात मागे घेतला.

"अभी मत ले जाओ," मी म्हटलं. "एक महीना. बस एक महीना छोड़ दो. यहाँ डॉक्टर है, सब है. वहाँ फिर वही होगा, फूलवती. फिर शाम को..."

"वहाँ कोई नापने नहीं आता."

"इसलिए तो!"

"दीदी, हटो."

मी बिट्टोला उचललं. तिनंही तिला धरलं. आम्ही दोघी उंबऱ्यावर एक पोर ओढत होतो. आई मागून काहीतरी म्हणत होत्या. बिट्टो ओरडायला लागली, आणि मला फूलवतीची बोटं दिसत होती, त्या कोवळ्या दंडाभोवती, जिथे मी इतके दिवस थोडं थोडं मांस जमवलं होतं. मी हात उगारला आणि तिच्या बांधलेल्या जबड्यावर मारला. जोरात. उघड्या हातानं. ती मागे गेली, तिची पाठ जिन्याच्या कठड्यावर आपटली, आणि कपाळाच्या जुन्या जखमेतून रक्त भुवईवर उतरलं. मी पुन्हा हात उगारला. हे मला स्पष्ट आठवतं, मी पुन्हा उगारला होता.

बिट्टोनं माझ्या मनगटाला चावा घेतला. लहान, पण सगळे दात लागले. मी तिला सोडलं. ती फरशीवर पडली, रांगत आपल्या आईच्या पायापाशी गेली आणि तिच्या सलवारीत तोंड खुपसलं.

फूलवतीनं तिला एका हातानं वर घेतलं. बरगड्या दुखल्या असणार, तोंडातून आवाज आला. बाहीनं डोळ्यावरचं रक्त पुसलं.

"मारना आपको भी आता है," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. जसं काही माझ्याबद्दल एक गोष्ट तिला आत्ता कळली होती. मग ती जिना उतरायला लागली, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत.

"थांबव तिला, काही खायला तरी दे बरोबर," आई म्हणाल्या आणि स्वतःच आत धावल्या. डबा घेऊन आल्या तोवर खालचा दरवाजा वाजला होता.

माझं मनगट ठणकत होतं. मी वळले. अंशू दिवाणखान्याच्या दारात उभा होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. या वेळी त्याचे डोळे कुणी झाकले नव्हते.

"काही नाही रे राजा," मी म्हटलं. "ये इकडे."

मी त्याला घ्यायला हात पुढे केले. तो आईंच्या मागे सरकला.